साठ लिटरची सॅक, आठ महिने आणि छातीवरचं बकल

कप्पे, रेनकव्हर, वजन सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते छातीवरच्या पट्ट्याच्या बकलाबद्दल.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघासाठी गेल्या जूनमध्ये अशा चार सॅक घेतल्या. वर्गणीत धुणीभांडी करणाऱ्या बायांचेही दहा-वीस रुपये होते, बायबलच्या शुभवर्तमानातल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांसारखे, म्हणजे अगदी लहान नाण्यांसारखे. त्यामुळे रुपयान् रुपयाचा हिशेब मनात असतो.

बकलातच शिट्टी आहे. आमच्या प्रत्येक मोहिमेत एक तास एकांत असतो. असा एकांत आउटवर्ड बाउंड या साहसशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या शिबिरांतही असतो. तिची पहिली शाळा 1941 साली वेल्समध्ये सुरू झाली. मूल हाकेच्या अंतरावर एकटं बसतं आणि बायबलातला 1 राजे 19 हा अध्याय वाचतं: होरेब डोंगरावरचा एलीया संदेष्टा, वारा, भूकंप, अग्नी, आणि मग देवाची ती शांत, मंद वाणी. मोबाइल जमा केलेले. अडचण आली तर तीन शिट्ट्या.

सप्टेंबरात हरिश्चंद्रगडावर धुकं दाटलं. एका मुलाचं बकल चढतानाच तुटून शिट्टीसकट पडलं होतं, पण तो कोणाला बोलला नाही. या चार सॅकवाल्यांना मी वेगळी शिट्टी दिली नव्हती, ती चूक माझी. दिवसाचं पुढारपण आम्ही पाळीपाळीने मुलांकडे देतो. त्या दिवशीच्या अकरावीतल्या मुलीने डोकी मोजली, तर एक कमी. मी धावणारच होतो. तिने मला अडवलं, सगळ्यांना जागीच बसवलं आणि दोघांना पाठवलं. बारा मिनिटांत तो सापडला, सांगितलेल्या दगडापाशीच बसलेला.

ग्राहकसेवेला बिल, फोटो, चार फोन. उत्तर एकच: ‘वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही.’ तेव्हा मी एकच तारा देणार होतो.

जानेवारीत मत बदललं. 1646 मीटरच्या कळसूबाईवर एकीचा पाय मुरगळला, तिचंही सामान माझ्या पाठीवर आलं. सोळा किलो घेऊन शिड्या उतरलो. कमरपट्ट्याने भार असा पेलला की खांद्यावर वळसुद्धा नाही. आठ महिन्यांत शिवणीचा एक धागा सुटलेला नाही.

मग महिन्याभराने कंपनीने नवं बकल पाठवलं. बिनशिट्टीचं! ज्यासाठी भांडलो तीच वस्तू नाही.

पंचवीस रुपयांची एक अशा स्टीलच्या शिट्ट्या आणून सगळ्यांच्या खांदापट्ट्यांना दोरीने बांधल्या. तीन तारे. घेताना दुकानातच बकल वीस वेळा उघडून लावून बघा. पुढच्या शनिवारी रतनगड आहे. निघताना आता डोक्यांबरोबर शिट्ट्याही मोजल्या जातात. ती मोजणी त्याच मुलीने सुरू केली.