ट्यूबच्या आर्गन वेल्डिंगला कप कोणता घ्यावा?

दुकानात टिग टॉर्चचा (टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवणारी आर्गन वेल्डिंगची टॉर्च) कप, म्हणजे टंगस्टनभोवतीचं गॅस सोडणारं तोंड, मागितला की काउंटरमागून एकच प्रश्न येतो, "कितीचा?" आपण पाच म्हणतो नाहीतर सहा, कारण टॉर्च घेतली तेव्हा डब्यात तोच निघाला होता. प्लेट जोडायची असेल तर त्यात फारसं बिघडत नाही. स्टेनलेसच्या पातळ ट्यूबला मात्र बिघडतं आणि ते लपतही नाही. टाक्याच्या, म्हणजे वेल्डिंगच्या रेघेच्या, दोन्ही बाजूंना राखाडी-काळी पट्टी उमटते.

आमचं बहुतेक काम दूध डेअरीच्या पाइपलाइनचं. स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६एल या जाती, बाहेरचा व्यास २५, ३८ किंवा ५१ मिलिमीटर, भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे पुढची तुलना या कामाच्या बाजूने झुकलेली आहे, हे आधीच सांगतो. फर्निचरच्या माइल्ड स्टील ट्यूबला सीओटू मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन) लावणाऱ्याचं गणित वेगळं. त्याचा नोझल तांब्याचा. त्याने नोझलमध्ये साठलेले छर्रे (उडालेल्या वितळलेल्या धातूचे थेंब) वेळेवर काढले आणि अडचणीच्या कोपऱ्यासाठी एक निमुळता नोझल जवळ ठेवला, की त्याचं भागतं.

टिगकडे येऊ. आमच्याकडे एक नवा मुलगा लागला होता, हात चांगला. पण त्याचा प्रत्येक टाका काळवंडायचा. गॅस कमी पडतोय असं समजून त्याने फ्लोमीटर मिनिटाला आठ लिटरवरून दहावर नेला, मग पंधरावर. टाका आणखी काळा. मग बाटलीतला आर्गन खराब आहे, अशी तक्रार झाली. बाटली ठीक होती. कप पाच नंबरचा होता, आतली बॉडी (टंगस्टन धरणारा आणि कपात गॅस सोडणारा भाग) साधी होती आणि टंगस्टन बाहेर काढलं होतं बारा मिलिमीटर.

कपाचा नंबर म्हणजे तोंडाचा आतला व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात मोजलेला. पाच नंबर म्हणजे साधारण ८ मिलिमीटर, आठ नंबर म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. बारा नंबर पाऊण इंच, १९ मिलिमीटर. आता मिनिटाला १० लिटर गॅस सोडा. आठ नंबरातून तो सेकंदाला सुमारे १.३ मीटर वेगाने बाहेर पडतो, पाच नंबरातून जवळजवळ ३.४ मीटरने. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबल्यावर पाण्याचं जे होतं तेच इथे होतं. वेग वाढला की प्रवाह घुसळतो आणि घुसळलेला प्रवाह कडेची हवा आत ओढतो. त्या मुलाने गॅस पंधरावर नेला, म्हणजे टाक्यावर आर्गनबरोबर हवाही जास्त सोडली. जाता जाता, १.३ मीटर म्हणजे ताशी पाच किलोमीटरही नाही. शेजारचा पेडेस्टल पंखा याहून कितीतरी जोरात वारा फेकतो. उन्हाळ्यात शेडमधलं पहिलं भांडण या पंख्यावरून होतं, आणि ते होऊ द्यावं.

साधी बॉडी की गॅस लेन्स

माझ्या मते खरा निर्णय इथे आहे, नंबराचा प्रश्न त्यानंतर येतो. साध्या कॉलेट बॉडीच्या अंगाला चार भोकं असतात. गॅस त्यातून आडवा बाहेर पडतो, कपाच्या भिंतीवर आपटतो आणि वळून खाली येतो. तोंडाशी पोचतो तेव्हा तो मुळात अस्वस्थच असतो. गॅस लेन्समध्ये त्या जागी स्टेनलेसच्या बारीक जाळीचे थर असतात. गॅस त्यातून गाळून येतो आणि एका सरळ खांबासारखा खाली उतरतो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक उदबत्ती लावा. आर्क पेटवू नका, फक्त गॅस सोडा आणि धूर कपाच्या तोंडाजवळ न्या. साध्या कपाखाली धूर लगेच फाटतो, गोल गोल फिरून आत खेचला जातो. लेन्सखाली तोच धूर गॅसच्या कडेने काही अंतर सरळ रेघ धरून जातो आणि मग विस्कटतो. जितक्या लांबीपर्यंत ती रेघ टिकते तितकं तुमचं खरं संरक्षण. नव्या माणसाला दहा वाक्यांत न समजणारं या उदबत्तीने मिनिटात समजतं.

व्यवहारात याचा सगळ्यात मोठा फायदा टंगस्टनच्या लांबीत होतो. साध्या बॉडीला टंगस्टन कपाच्या व्यासापेक्षा जास्त बाहेर काढू नये, असा ढोबळ नियम. कप लहान असेल तर तेवढंही परवडत नाही. गॅस लेन्सवर ते २० ते २५ मिलिमीटर बाहेर राहिलं तरी बंद शेडमध्ये टाका झाकलेला राहतो. सरळ बट जॉइंटला याचं अप्रूप वाटणार नाही. पण ५१ च्या ट्यूबवर ३८ चा टी बसवताना जो आतला कोपरा येतो तिथे कप ट्यूबला अडतो, आर्क कोपऱ्यापर्यंत पोचत नाही आणि माणूस टॉर्च आडवी करून कसाबसा टाका ओढतो. तिथे दहा-बारा मिलिमीटर जास्त टंगस्टन म्हणजे पूल (वितळलेल्या धातूचं डबकं) दिसणं आणि न दिसणं एवढा फरक.

गॅसचाही हिशेब करून बघा. ४७ लिटरची बाटली १५० बारला भरलेली असेल तर त्यात सुमारे ७ घनमीटर आर्गन असतो. मिनिटाला १२ लिटरने ती साडेनऊ-पावणेदहा तास चालते, ८ लिटरने साडेचौदा तास. लेन्स लावल्यावर आम्ही ट्यूबला बाराचे आठ केले आणि टाका आधीपेक्षा उजळ निघाला. लेन्स बॉडी साधीपेक्षा महाग असते हे खरं, पण ती किंमत बाटलीतून वसूल होते.

मग सगळीकडे लेन्सच का नाही? कारण जाळी नाजूक असते. टंगस्टन पूलमध्ये बुडवलं, छर्रा उडाला, घाणेरड्या ट्यूबवरचं तेल जळून धूर आत गेला, की जाळीची काही छिद्रं बंद होतात आणि गॅस एका बाजूनेच येऊ लागतो. टाका एकाच बाजूला काळा होत असेल तर आधी जाळी प्रकाशासमोर धरून बघा. टॅक (जागेवर धरायचे छोटे टाके) मारायला, गंजलेल्या माइल्ड स्टीलला आणि शिकाऊ मुलाच्या हातात मी आजही साधा सहा नंबर देतो. उघड्यावर, साइटवर, वाऱ्यात लेन्स काही चमत्कार करत नाही. तिथे आधी ताडपत्री बांधावी, मग कपाचा विचार करावा.

एक खड्डा इथेच दाखवतो, कारण त्यात आम्हीही पडलो होतो. १७, १८ आणि २६ या मॉडेल नंबरच्या टॉर्चला लेन्स बसवताना टॉर्चचं डोकं आणि कप यांच्यामधला इन्सुलेटरही लेन्सचा लागतो. जुनाच ठेवला तर कप वरवर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण फट राहते, तिथून गॅस निसटतो आणि हवा आत जाते. नवी लेन्स घेऊन टाका आधीपेक्षा काळा झाला असेल तर दुकानदाराशी वाद घालण्याआधी ती रिंग बघा. लेन्सचा कपही वेगळा असतो, साध्या बॉडीचा कप तिच्यावर बसत नाही. म्हणजे घ्यायचे तर तीन भाग एकत्र घ्या: लेन्स बॉडी, तिचा कप, तिचा इन्सुलेटर. टंगस्टन १.६ मिलिमीटर जाडीचं वापरत असाल तर बॉडी आणि कॉलेट (टंगस्टन आवळणारी आतली नळी) दोन्ही १.६ चेच हवेत, २.४ चे चालत नाहीत.

मग नंबर कोणता

"मोठा कप घ्या, जास्त झाकलं जाईल," हा सल्ला प्लेटवाल्यांचा. आर्गन हवेच्या जवळपास १.४ पट जड असतो. प्लेटवर तो साचून राहतो, ट्यूबवर दोन्ही अंगांनी घसरून खाली जातो. शिवाय ट्यूब गोल असल्यामुळे कपाची कड आणि धातू यांत फट पडते. २५ च्या ट्यूबवर आठ नंबरचा कप मधोमध धरला तर कडेला मधल्यापेक्षा १.७ मिलिमीटर जास्त फट राहते. तिथेच बारा नंबर धरला तर ४.३ मिलिमीटर. म्हणजे मोठ्या कपातला बराच गॅस ट्यूबला न शिवताच खाली जातो. हाच बारा नंबर ५१ च्या ट्यूबवर धरला तर कडेची जास्तीची फट १.९ मिलिमीटरच्या आत येते आणि मग त्याच्या रुंदीचा खरोखर उपयोग होतो.

त्यामुळे माझ्या बाकावर २५ च्या ट्यूबला लेन्सवर सहा किंवा सात नंबर, मिनिटाला ६ ते ७ लिटर. ३८ आणि ५१ ला आठ नंबर, ८ लिटरच्या आसपास. बारा नंबरला १२ ते १५ लिटर लागतो आणि तो मी ७६ च्या पुढच्या व्यासाला किंवा जाड पाइपवर कप टेकवून डुलवत नेण्याच्या पद्धतीला काढतो. त्या पद्धतीत कप स्वतःच टेकू असतो, म्हणून तिथे रुंद आणि दणकट कप हातालाही बरा पडतो.

सायकलची फ्रेम किंवा ट्यूबची चॅसी करणाऱ्यांची अडचण उलटी. तिथे दोन ट्यूब तिरक्या कोनात मिळतात आणि त्या खाचेत आठ नंबर शिरतच नाही. पाच नंबरचा लेन्स कप, टंगस्टन लांब, गॅस ५-६ लिटर. मोठ्या टॉर्चवर बसणारं आखूड स्टबी किट मिळतं, तेही इथेच कामाला येतं.

कप कशाचा हा प्रश्न मी पटकन संपवतो. गुलाबी अ‍ॅल्युमिना स्वस्त असतो, टिकतो, फक्त फरशीवर पडला की गेला. काचेचा पारदर्शक कप शिकणाऱ्याला छान, पूल आणि टंगस्टन दोन्ही दिसतात. उत्पादनाच्या कामात तो धुराने आंधळा होतो किंवा फुटतो. दाखवायला एखादा ठेवा.

टायटेनियम आणि बंद हेड

टायटेनियमची ट्यूब आली तर वरचा सगळा हिशेब अपुरा पडतो. ते साधारण ४०० अंश सेल्सियसच्या वर असेपर्यंत हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषत राहतं आणि ठिसूळ होतं. टॉर्च पुढे गेली तरी मागचा टाका तापलेलाच असतो. म्हणून मागे ओढली जाणारी, ट्यूबच्या गोलाईला जुळणारी शील्ड लागते, आणि तिलाही स्वतंत्र गॅस. रंग चांदीसारखा असेल तर उत्तम, फिका पिवळा बहुतेक ठिकाणी चालतो, निळा किंवा पांढरी भुकटी दिसली की तो जॉइंट कापायचा. मोठ्या लेन्स कपावर टायटेनियमचा एखादा सुंदर टाका निघतो हे खरं, पण एका टाक्यावर ऑर्डर घेऊ नका.

ऑर्बिटल मशीनच्या (ट्यूबभोवती आपोआप फिरून टाका घालणारं मशीन) बंद हेडमध्ये तर नेहमीच्या अर्थाने कपच नाही. ट्यूब स्थिर असते, टंगस्टन तिच्याभोवती फिरतं आणि सगळा जॉइंट आर्गनने भरलेल्या कप्प्यात असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी ही पद्धत वापरात आली. बाहेरचं झाकण म्हणून याच्या जवळपास हाताची कोणतीच टॉर्च पोचत नाही. पण ही ऑर्बिटल पद्धत बहुतेक फिलरशिवाय (वेगळी तार न घालता) चालते, म्हणून ट्यूबची टोकं काटकोनात आणि बिनफटीची लागतात. हॅकसॉ आणि ग्राइंडरवर काम करणाऱ्या शेडला आधी फेसिंग मशीन (ट्यूबचं टोक सपाट करणारं) घ्यावं लागेल. महिन्याला शेकडो सारखेच जॉइंट असतील आणि ग्राहक औषध कारखाना असेल तर विचार करा. रोज वेगळी ट्यूब आणि वेगळा बेंड असेल तर हेडला सारखी कॉलर बदलत बसाल.

आता ज्या चुकीवर कोणताच कप उपाय नाही ती सांगतो. कप बाहेरची बाजू झाकतो. दूध आतून वाहतं. आत आर्गन भरून पर्जिंग केलं नाही तर बाहेर सोनेरी टाका आणि आत काळी खरबरीत कड, असा जॉइंट निघतो. काळ्या थराखाली क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. ट्यूबच्या आतल्या रंगासाठी अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी१८.२ हा तक्ता आहे. त्यात पर्ज गॅसमधला ऑक्सिजन दहा लाखात १० भागांपासून २५,००० भागांपर्यंत वाढवत नेलेले दहा नमुने आहेत. त्यातला पहिला आणि दहावा शेजारी ठेवून ग्राहकाला दाखवा, पर्जिंगचे पैसे मागताना वाद होत नाही.

पर्जचा गॅस मात्र हळू सोडा. आमच्याकडे एकदा दुसरं टोक चिकटपट्टीने पुरतं बंद केलं होतं. टाका शेवटच्या सेंटिमीटरवर आला, आतला दाब बाहेर पडायला जागा शोधत होता आणि पूल फुगून टंगस्टनवर आला. टंगस्टन गेलं, लेन्सची जाळी गेली, जॉइंटही कापावा लागला. तेव्हापासून पट्टीला खिळ्याने एक भोक पाडतो, आणि ते वरच्या बाजूला पाडतो, कारण आर्गन खाली बसतो आणि हवा वरून निघते.