फ्रॅक्चरनंतरचा व्यायाम: घरच्या घरी की फिजिओथेरपिस्टकडे?

पायाचं प्लास्टर निघतं तोवर हाड बहुतेकदा जुळत आलेलं असतं, पण 6-8 आठवडे जखडलेला गुडघा आणि सुकलेली मांडी तशीच उरते. घरचा व्यायाम दिवसातून 3-4 वेळा करता येतो, आणि आखडलेला सांधा मोकळा व्हायला हेच फार मोलाचं. पण दुखायला लागलं की आपण नेमके तिथेच थांबतो. फिजिओथेरपिस्ट गुडघा किती अंश वाकतो ते मोजतात, टाच चादरीवरून हळूहळू कशी सरकवायची ते पाय धरून दाखवतात. कुठलं दुखणं ताणाचं आणि कुठलं धोक्याचं, हे त्यांना कळतं. (पायावर भार किती टाकायचा, हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच ठरवू नका.) सुरुवातीचे काही आठवडे तरी फिजिओथेरपिस्टकडे जाच, असं मी कळकळीनं सांगेन, घरचा व्यायाम तेव्हाही रोज हवाच.