उद्योजकतेचा खेळ : नववीच्या वर्गात सात महिने वापरल्यावर

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीसाठी धंदा शिकवणाऱ्या पटावरच्या खेळाचा हा संच घेतला. १,४५० रुपये, तेही माझ्या खिशातून. संचात पट, मालाची पत्ती, बाजाराची पत्ती आणि खेळायच्या नोटा असतात.

घरोघरचा 'व्यापार' हा भाडं वसूल करण्याचा खेळ. त्याचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकी बाईंच्या खेळात आहे. जमिनीची मक्तेदारी माणसाला कशी नागवते हे दाखवायला त्यांनी तो तयार केला आणि १९०४ मध्ये पेटंट घेतलं. या संचात मुलं माल तयार करून विकतात, म्हणून सुरुवातीला मी फार खूश होतो.

मग नोटा फाटल्या. पतंगाच्या कागदाइतक्या पातळ, बावन्न मुलांच्या हातात ऑगस्टपर्यंतच टिकल्या. कंपनीला तीनदा फोन केला. उत्तर एकच : "सुट्या नोटा मिळत नाहीत, नवीन संच घ्या." मूठभर कागदासाठी पुन्हा १,४५०? राग अजून गेलेला नाही.

नोटा गेल्या म्हणून प्रत्येक गटाला एक वही दिली, जमा-खर्च लिहायला. तिथं खेळाची खरी उणीव कळली. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. एका मुलाच्या घरी टॉवेलचे चार माग आहेत. तो म्हणाला, "सर, माल दिला की पैसे लगेच कुठं मिळतात?" अख्ख्या संचात उधारीचं एक पत्तं नाही! सोलापुरात चादर-टॉवेलचा धंदा शिकवायचा आणि उधारी वगळायची, हे मला पटत नाही.

नियम आम्हीच केला. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत द्यावे लागतात. एक फेरी म्हणजे १५ दिवस धरले; विक्रीचे पैसे तिसऱ्या फेरीला. पहिल्याच दिवशी सहापैकी चार गटांकडे सूत घ्यायला पैसे उरले नाहीत, आणि वहीत मात्र सगळे नफ्यात! त्या तासाला घंटा झाली तरी कुणी उठेना.

डिसेंबरात शाळेच्या आनंदनगरीत याच मुलांनी शेंगाचटणी विकली. शंभर ग्रॅमच्या चाळीस पुड्या, तीस रुपयांना एक. खर्च ८००. तीस पुड्या रोखीनं गेल्या, दहा उधारीवर, बहुतेक आम्हा शिक्षकांनीच नेल्या. हिशेब ठेवणाऱ्या मुलीनं फळ्यावर लिहिलं : नफा ४००, हातात १००. खाली तिनं उधारीवाल्यांची नावं लिहिली, माझं पहिलं. मी तिथंच साठ रुपये काढून दिले.

संच घ्यायचा तर घ्या, पट आणि पत्ती चांगली आहेत. नोटा पहिल्या दिवशीच डब्यात ठेवा आणि सहा वह्या आणा.