नऊ हजार फॉलोअर्स घेतले आणि वाचक गमावले

मी जुने रेडिओ दुरुस्त करते आणि त्यावर ब्लॉग लिहिते. व्हॉल्व्हचे सेट, सुरुवातीचे ट्रान्झिस्टर, कधी एखादा टेपरेकॉर्डर. चार वर्षं लिहिल्यावर ब्लॉगला रोजचे दीड-दोनशे वाचक होते आणि इन्स्टाग्रामवर ६४० फॉलोअर्स. पोस्ट टाकली की पन्नास-साठ जण हमखास काहीतरी बोलायचे. कुणी आपल्या सेटचा फोटो पाठवायचं, कुणी माझी चूक काढायचं, कुणी विचारायचं, "ताई, आवाजाचं बटण फिरवलं की खरखर येते, काय करू?" मी सांगायचे, बहुधा व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ बसली आहे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि बटण पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवा. दोन दिवसांनी 'झालं' म्हणून निरोप यायचा. एवढं सगळं हाताशी असताना मला ते कमी वाटायला लागलं. माझ्या मागून सुरू केलेल्यांचे आकडे हजारांत गेलेले दिसत होते आणि दर आठवड्याला मी ते जाऊन बघत होते.

अशा वेळी एका एजन्सीच्या माणसाचा मेसेज आला. त्याने माझ्या एका लेखाचं शीर्षक अचूक लिहून कौतुक केलं होतं. शीर्षक कुणालाही दिसतं, पण मला वाटलं याने लेख वाचलाय. बोलणं अतिशय नम्र. तीन महिन्यांत दहा हजार फॉलोअर्स, सगळी वाढ 'ऑरगॅनिक' म्हणजे नैसर्गिक, एंगेजमेंट म्हणजे लोकांचा प्रतिसाद 'शंभर टक्के रिअल', ब्लॉगलाही वाढीव ट्रॅफिक. आणि वर हमी, की फॉलोअर्स ड्रॉप झाले तर मोफत रिफिल करून देऊ.

या 'रिफिल' शब्दाला मी तिथेच अडायला हवं होतं. वाचक कंटाळून निघून गेला तर त्याच्या जागी दुसरा भरून कसा देणार? भरून देता येतो तो माल. हा शब्द कुणी तुमच्याशी बोलताना वापरला तर संभाषण तिथेच थांबवा. मी थांबवलं नाही. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले आणि 'पोस्ट शेड्यूल करायला लागतो' म्हणून मागितलेला पासवर्डही देऊन टाकला.

पहिल्या पंधरवड्यात आकडा रोज तीनशे-चारशेने चढत होता. एकदम न वाढवता असा थोडाथोडा वाढवतात, म्हणजे तो नैसर्गिक दिसतो. प्रत्येक पोस्टखाली कमेंट येत होत्या. 'खूप सुंदर', 'अप्रतिम क्लिक', टाळ्यांची चिन्हं, आगीची चिन्हं. मी खूश होते. सकाळी उठल्यावर आधी फोन बघत होते.

मग ती पोस्ट आली. व्हॉल्व्ह रेडिओ उघडण्यावर मी पूर्वी लिहिलं होतं आणि त्यात एक गंभीर गोष्ट राहून गेली होती. मेन्सवर चालणाऱ्या अशा सेटचा प्लग काढला तरी फिल्टर कंडेन्सरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दोन-तीनशे व्होल्ट साठून राहू शकतात. आत हात घालण्याआधी ते रेझिस्टरमधून उतरवावे लागतात आणि मीटर लावून उतरल्याची खात्री करावी लागते. नाहीतर जिवावर बेतू शकतं. लक्षात आल्याबरोबर मी दुरुस्तीची पोस्ट टाकली. माझ्याकडून चूक झाली, आधीचा लेख वाचून कुणी सेट उघडला असेल तर कृपया हे वाचा, असं स्पष्ट लिहिलं. त्याखाली तासाभरात चाळीसेक कमेंट. 'वॉव.' 'किती गोड फोटो.' 'असंच चालू ठेवा.'

चूक कबूल करणाऱ्या, विजेच्या धक्क्याबद्दल सावध करणाऱ्या पोस्टवर कुठला वाचक 'असंच चालू ठेवा' लिहील? पोटात गोळा आला. त्या रात्री मी फॉलोअर्सची यादी उघडून एकेक खातं बघत बसले. फोटो नाही, नावापुढे सात-आठ आकडे, स्वतःची पोस्ट एकही नाही. इन्स्टाग्रामवर एका खात्याला ७,५०० हून जास्त खाती फॉलो करता येत नाहीत, आणि यातली कित्येक त्या मर्यादेला येऊन टेकली होती. साडेसात हजार खात्यांच्या गर्दीत माझी पोस्ट कोण वाचणार? काही खात्यांवर कुणाच्या तरी मुलाबाळांचे खरे फोटो होते. ते उचललेले असणार, हे कळल्यावर जास्त वाईट वाटलं.

आता गणित सांगते, कारण नुकसान तिथे दिसतं. आधी ६४० फॉलोअर्सपैकी साधारण ५८ जण प्रतिसाद द्यायचे, म्हणजे नऊ टक्के. तीन महिन्यांनी फॉलोअर्स ९,१०० झाले, आणि विकतच्या कमेंट वगळून मोजलं तर प्रतिसाद देणारी माणसं ४१ उरली. अर्धा टक्कासुद्धा नाही. आपली पोस्ट सगळ्याच फॉलोअर्सना दिसत नसते. कोण ती बघेल, थांबेल, बोलेल याच्या अंदाजावर ती पुढे सरकते. नऊ हजारांतले साडेआठ हजार कधीच काही बघणार नसतील तर तो अंदाज खालीच येणार. माझ्या जुन्या वाचकांपैकी तिघांनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं मी लिहिणंच बंद केलंय. मी आठवड्याला दोनदा लिहीत होते.

ब्लॉगचीही तीच गत. ट्रॅफिक चौपट दिसत होतं, पण गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये वाचक पानावर किती वेळ थांबतो ते पाहिलं तर एक-दोन सेकंद. तिथे निदान दहा सेकंद थांबलेली, किंवा दोन पानं उघडलेली भेट 'एंगेज्ड' धरतात. माझ्या नव्या भेटींत तशी शोधूनही सापडेना. तीन हजार शब्दांचा लेख दोन सेकंदांत कुणी वाचत नाही. पुढे जाहिरातींच्या कमाईतून 'अवैध ट्रॅफिक' म्हणून वजावट झाली आणि मग काही काळ जाहिरातीच बंद. पानावर बॉट, म्हणजे माणसाच्या जागी आपोआप चालणारे प्रोग्राम, आणले ते एजन्सीने, पण खातं माझं, त्यामुळे जबाबदारीही माझीच.

एजन्सीला विचारलं तेव्हा आधी 'अल्गोरिदम बदललाय' हे उत्तर मिळालं, मग 'पुढचं पॅकेज घ्या, रीच सुधारेल', मग काहीच नाही. पैसे गेले ते गेलेच. पासवर्डचं प्रकरण त्याहून वाईट निघालं. माझ्या नावाने शेकडो अनोळखी खाती फॉलो करून सोडून दिली होती आणि त्यांच्या फोटोंवर त्याच 'खूप सुंदर'च्या कमेंट टाकल्या होत्या. म्हणजे दुसऱ्या कुणाला विकलेली 'रिअल एंगेजमेंट' माझ्या नावाने दिली जात होती. एका बाईंच्या आजारपणाच्या पोस्टखाली माझ्या नावाने आगीचं चिन्ह होतं. मी त्यांना माफीचा मेसेज पाठवला.

हा धंदा केवढा मोठा आहे ते मी नंतर वाचलं. २०१८च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने देवुमी या अमेरिकी कंपनीवर तपास छापला. किमान ३५ लाख बॉट खात्यांचा साठा पुन्हा पुन्हा विकून तिने ग्राहकांना २० कोटींहून जास्त ट्विटर फॉलोअर्स पुरवले होते, आणि त्यातल्या निदान ५५ हजार खात्यांना खऱ्या माणसांची नावं, फोटो लावलेले होते. २०१९मध्ये अमेरिकी सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईत कंपनीच्या मालकावर २५ लाख डॉलरचा आदेश झाला. २०२४मध्ये त्याच कमिशनने खोटे फॉलोअर्स आणि व्ह्यूज विकण्यावर आणि धंद्यासाठी जाणूनबुजून विकत घेण्यावर बंदीचा नियम केला. 'विकत घेण्यावर' हे शब्द मी दोनदा वाचले. इन्स्टाग्रामनेही २०१४च्या डिसेंबरमध्ये अशी खाती मोठ्या प्रमाणावर उडवली होती, आणि २०१८च्या नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या अ‍ॅपमधून आलेले खोटे लाइक, फॉलो, कमेंट काढून टाकण्याचं जाहीर केलं. अशा अ‍ॅपना पासवर्ड देणाऱ्यांना तो बदलायला सांगितलं होतं. हे सगळं माझ्या फसण्याच्या कितीतरी आधीचं. शोधलं असतं तर दहा मिनिटांत सापडलं असतं.

तुम्ही यात अडकला असाल तर सर्वात आधी पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि सेटिंग्जमध्ये जोडलेली अनोळखी अ‍ॅप काढून टाका. मग खोटे फॉलोअर्स काढा. हे काम किचकट आहे, मला सात आठवडे लागले, रोज थोडे थोडे. वाचकांनाही सांगून टाका. मी लिहिलं तेव्हा दोघं रागावून गेले. बाकीचे थांबले.

हा उपसा करताना त्या कंडेन्सरच्या पोस्टखाली, चाळीस 'वॉव'च्या मध्ये, एक खरी कमेंट सापडली. एका वाचकाने लिहिलं होतं, "ताई, तुमची सूचना वाचून मी हात मागे घेतला. माझ्या सेटमध्ये सतत घूं आवाज येतो, व्हॉल्यूम शून्य केला तरी. काय असेल?" चार महिने तो प्रश्न तिथे पडून होता. पूर्वी मी अशा प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. मी लगेच लिहिलं. त्यांनी सांगितलं की वाट बघून त्यांनी सेट एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने ट्रान्सफॉर्मर बदलला, आवाज तसाच. व्हॉल्यूम शून्य केल्यावरही घूं कमी होत नसेल तर आधी फिल्टर कंडेन्सर तपासायचा असतो. तो बहुतेक वेळा सुकलेला निघतो. मी त्यांना ते टप्प्याटप्प्याने लिहून पाठवलं, आधी डिस्चार्ज, मग मीटर, मग बाकीचं.

नऊ दिवसांनी त्यांनी आवाजाची छोटी फीत पाठवली. घूं गेला होता, बातम्या स्पष्ट ऐकू येत होत्या. बटण फिरवलं की थोडी खरखर आहे, असं त्यांनी खाली लिहिलं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचं मी आज कळवलंय.