कळलावीचे सहा कंद: वर्षभरानंतरचा अनुभव

आमचं घर राजापूर तालुक्यात, कातळाच्या कडेला. आषाढात अंगणातून पाण्याचा लोंढा जातो आणि चैत्रात विहिरीचा तळ दिसतो. आहे ते पाणी पोफळींनाच पुरत नाही, फुलझाडांना कुठून घालू? गुलाब, शेवंती दरवर्षी मे महिन्यात डोळ्यांदेखत वाळून जायची. म्हणून गेल्या वर्षी इथल्याच एका रोपवाटिकेतून कळलावीचे, म्हणजे उन्हाळ्यात पाणी न लागणाऱ्या फुलवेलीचे, सहा कंद आणले. 80 रुपयांना एक.

दर ऐकून आधी महाग वाटले. "रानातून खणून आणलेत का?" मी विचारलंच, कारण आमच्या डोंगरावरची कळलावी अशीच खणून खणून कमी झाली. त्यांनी मागे नेऊन बियांपासून वाढवलेले वाफे दाखवले. बी पेरल्यावर फुलायला तीन-चार वर्षं लागतात. मग दर पटला.

कंद दोन फाट्यांचा, नांगरासारखा. संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते यावरूनच. फाट्याच्या टोकाला एकेकच डोळा असतो, तो मोडला की तो फाटा गेला. भुशात नीट बांधून दिले होते, तरी एकाचे दोन्ही डोळे मोडलेले निघाले. तो उगवला नाही. त्यांनी कुरकुर न करता बदलून दिला.

मिरगाच्या आठवडाभर आधी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागून, मातीत वाळू कालवून, चार बोटं खोल आडवे लावले. पानाच्या टोकाला सुतासारखी शेपटी असते. ती करवंदीच्या काटकीला टेकली की दोन दिवसांत वेढा घालते. वेल तशीच वर चढते. फूल आधी हिरवट पिवळं, मग लाली चढत चढत पूर्ण लालभडक. आमच्याकडे यांना गौरीचे हात म्हणतात. गेल्या वर्षी गौरीसाठी डोंगरावर जावं लागलं नाही, गडग्यावरचीच फुलं वाहिली. सासूबाईंनी "घराजवळ लावू नये, भांडणं लागतात" म्हणून विरोध केला होता, पण पहिलं फूल त्यांनीच खुडलं.

दिवाळीपर्यंत वेल वाळली. तेव्हापासून एक तांब्याही पाणी घातलेलं नाही. घालूच नये, झोपलेला कंद कुजतो.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. कळलावी सगळीच विषारी, कंद तर फारच. पोटात गेला तर माणूस दगावतो. दुकानात हे तोंडी सांगितलं, पण पुडीवर एक अक्षर नव्हतं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात जाऊबाईंनी ती पुडी उघडून कंद कणगरांच्या, म्हणजे खायच्या कंदांच्या टोपलीत ओतले. वेळेवर दिसले म्हणून बरं. ज्यांच्या घरी लहान मूल किंवा मोकळी गुरं आहेत त्यांनी आधी जागेचा विचार करावा.

या मिरगासाठी आणखी चार कंद सांगून ठेवलेत. पुड्यांना लावायला लाल शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या मीच नेऊन दिल्यात.