घरघर, चिवचिव आणि करकर: पावस रस्त्यावरच्या एका गॅरेजचा अनुभव

या गॅरेजला धड पाटी नाही. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की सड्यावर डाव्या हाताला, जांभ्याच्या गडग्याला लागून पत्र्याची शेड दिसते आणि पुढे बॉनेट उघडलेल्या दोन-तीन गाड्या. आमसुलं आणि आगळाचे कॅन घेऊन मी गेली पाच वर्षं या रस्त्याने रत्नागिरीला जातेय, पण आत कधी वळले नव्हते. यंदा नवरात्रात वळले.

माझी गाडी नऊ वर्षांची, छोटी, पेट्रोलवरची. क्लच केबलचा. गणपतीनंतर तिच्यातून आवाज यायला लागले. आधी मी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या माणसाने गाडी दहा मिनिटं फिरवून आणली आणि सांगितलं, गिअरबॉक्समधलं बेअरिंग गेलंय, गिअरबॉक्स खोलावा लागेल, २६ हजार धरून चाला. कशावरून ते विचारलं, तर "मिस्टर येतील का बोलायला?" गाडी माझी, चालवते मी, पैसे माझ्या आमसुलांचे. मी चावी घेतली आणि निघाले. ते अजून मनाला लागून आहे.

पावस रस्त्यावरच्या या गॅरेजवाल्या भाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "कसला आवाज येतो वहिनी? तोंडाने करून दाखवा." मी घर्रर्र करून दाखवलं. "क्लच दाबल्यावर येतो का सोडल्यावर?" मला सांगता येईना. महिनाभर रोज ऐकत होते, पण पाय कुठे असताना येतो याकडे लक्षच दिलं नव्हतं.

त्यांनी मलाच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, काचा खाली, इंजिन बंद. म्हणाले, आता क्लच दाबा-सोडा. चीं... चीं. "हा एक. इंजिन बंद हाय, म्हणजे आत काय फिरत नाय. हा पायडलचाच." वाकून बघितलं तर पायडल ज्यात हलतं त्या बुशमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता. खाऱ्या वाऱ्यात सगळं सुकतं आणि गंजतं. साफ करून ग्रीस लावलं, चिवचिव गेली. दहा मिनिटांचं काम. महिनाभर मी दोन वेगळे आवाज एकच समजत होते.

मग इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला, एसी बंद, कारण कॉम्प्रेसरचा आवाज मध्ये मिसळतो. पाय क्लचवरून पूर्ण काढायला लावला. ऐकलं, काही नाही. इथे त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच हे सगळं लिहायला बसलेय. क्लच सोडलेला असताना गाडी न्यूट्रलला असली तरी गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरत असतो. त्याचं बेअरिंग खराब असेल तर आवाज तेव्हा यायला हवा, आणि क्लच दाबून शाफ्ट थांबला की आवाज बंद व्हायला हवा. माझ्या गाडीत नेमकं उलटं होतं. पायडल हळूहळू दाबत गेले, सुरुवातीची ढिलाई संपली, पायाला जोर लागायला लागला आणि घरघर सुरू. सोडला की गप्प. दहा वेळा केलं, दहाही वेळा तसंच. भाईंनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या पुढच्या, क्लच ज्यात असतो त्या भांड्याला टेकवून मूठ कानाला लावली, मग मलाही ऐकायला दिलं. जात्यात खडा आल्यावर जसं वाजतं, अगदी तसं.

हे रिलीज बेअरिंग. आपण पायडल दाबतो तेव्हा केबल एका फोर्कला ओढते आणि फोर्क या बेअरिंगला, क्लच प्लेट इंजिनाला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाबतो. फोर्क जागच्या जागी, प्रेशर प्लेट मात्र गाडी नुसती उभी असतानासुद्धा मिनिटाला आठशे-नऊशे फेरे घेणारी. या दोघांच्या मध्ये ते बेअरिंग बिचारं सगळा भार घेतं. "गिअरबॉक्स चांगला हाय तुमचा, त्याला हात लावायचा नाय," भाई म्हणाले. मला तिथेच रडू यायचं बाकी होतं.

तिसरा आवाज रिव्हर्स टाकतानाचा, करर्र. त्याला त्यांनी औषधच दिलं नाही. क्लच पूर्ण दाबा, तीन अंक मोजा, मग रिव्हर्स टाका. गिअर गपचूप पडला. बऱ्याच गाड्यांत पुढच्या गिअरांना वेग जुळवून घ्यायची सोय असते, रिव्हर्सला नसते, म्हणून फिरणारा शाफ्ट थांबायला क्षणभर वेळ द्यायचा. थांबूनसुद्धा करकरला असता तर पायडल दाबूनही क्लच इंजिनापासून पूर्ण सुटत नाही असं समजून केबल बघावी लागली असती.

पण बेअरिंग बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं आलंच. त्याला इलाज नाही. असंच चालवलं तर? भाईंनी स्पष्ट सांगितलं, रत्नागिरीच्या एक-दोन फेऱ्या होतील, पण आंबा घाटात घालू नका. बेअरिंग फुटलं तर पायडल दाबूनही क्लच सुटणार नाही आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगची बोटंही ते खाऊन टाकेल. माझी दर पंधरा दिवसांनी कोल्हापूरची फेरी असते, नाणीज-साखरपा करत. त्यामुळे गाडी तिथेच ठेवली आणि वडापने घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून उतरवलेलं सामान दाखवलं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर बोटांना कचकच लागत होती, ग्रीस धुऊन गेलेलं, कडेला गंज. त्यांनी विचारलं, पावसाळ्यात कुठे पाण्यातून गाडी काढलीत? काढली होती. जुलैत आमच्या वाडीच्या साकवावरून पाणी चाललं होतं आणि ऑर्डर पोचवायची होती. क्लचचं भांडं काही पाणबंद नसतं.

क्लच प्लेट अजून बरी होती. प्लेटचं अस्तर झिजून रिव्हेट वर यायला किती बाकी आहे ते त्यांनी दाखवलं आणि म्हणाले, वीस-पंचवीस हजार किलोमीटर जाईल, बदलायची का नाही तुम्ही ठरवा. मी विचार केला. वर्ष-दीड वर्षाने प्लेटसाठी परत गिअरबॉक्स उतरवायचा तर मजुरी पुन्हा तेवढीच. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग, पूर्ण सेट टाकला. त्यांनी आग्रह केला नाही, हे मुद्दाम लिहिते. केबलही ताणलेली होती, ती नवी. सगळे मिळून ७,४०० रुपये झाले, त्यात मजुरी २,२००. जुने भाग पिशवीत घालून दिले.

आता जे आवडलं नाही ते. "उद्या संध्याकाळी देतो" म्हणाले आणि गाडी चौथ्या दिवशी मिळाली. सेट बाहेरून यायचा होता, ते समजू शकते, पण तसा एक फोन करायला हवा होता. मी केला तर उचलला नाही. माझी एक ऑर्डर त्यात गेली. बिल साध्या वहीच्या कागदावर, सुट्या भागांचं छापील बिल मागून घ्यावं लागलं. वॉरंटीसाठी ते लागतंच, तुम्हीही मागा. बसायला एक बाकडं आहे, वर सावली नाही. शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद असतं. आणि सीटवर ग्रीसचा हात लागलेला, तो डाग अजून गेलेला नाही.

गाडी देताना भाई शेजारी बसून पूर्णगडच्या बाजूला एक फेरी मारायला आले. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायला लावला. इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र ओढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. तसं नव्हतं. पण त्यांचं लक्ष माझ्या डाव्या पायाकडे होतं. "वहिनी, पाय खाली ठेवा." गिअर बदलून झाला तरी माझा पाय पायडलवरच असायचा. बाजारातल्या अरुंद रस्त्यात शिकले तेव्हापासूनची सवय. नुसता टेकलेला पायही बेअरिंगला फिरवत ठेवतो आणि प्लेटची पकड ढिली करतो. पायडलला वरती दीड-दोन सेंटिमीटर मोकळी ढिलाई हवी, हे त्यांनी बोटं धरून दाखवलं. ती संपत आली की केबल जुळवून घ्यायला या, पैसे नकोत, म्हणाले.

त्यानंतर तीन हजार किलोमीटर झाले. आंबा घाट चार वेळा चढले, तोही आगळाचे कॅन भरून. घरघर नाही. एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. दव पडलेल्या सकाळी पहिल्या गिअरमध्ये सुटताना गाडी किंचित थरथरते. दोन-तीनदा क्लच सोडला की थरथर थांबते. भाईंना विचारलं तर म्हणाले, रात्रीचा ओलावा प्लेटवर बसतो, गरम झाली की जातो, पण गाडी तापल्यावरही थरथरली तर लगेच घेऊन या. अजून तरी तशी थरथरलेली नाही.

परवा जाऊबाई म्हणाल्या, त्यांच्या गाडीचा क्लच वाजतो, गिअरबॉक्स गेलाय म्हणे. मी त्यांना आधी इंजिन बंद करायला लावलं आणि म्हटलं, आता दाबा. चीं... चीं.