बायपोलरमधल्या झोपेसाठी आठ सत्रांची थेरपी: घ्यावी का, आणि घेताना काय तपासावं

‘रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’ ही तक्रार घेऊन बायपोलर (मूड कधी टोकाचा चढण्याचा, कधी टोकाचा पडण्याचा आजार) असलेला माणूस गेला, की त्याच्या हाती बहुतेक वेळा झोपेची गोळी पडते, नाहीतर ‘चहा कमी करा, मोबाइल लांब ठेवा’ असा सल्ला. सीबीटीआय-बीपी ही तिसरी वाट आहे. निद्रानाशावरची जी वर्तन-उपचारपद्धती जगभर वापरली जाते, तिचं हे बायपोलरसाठी बदललेलं रूप. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अ‍ॅलिसन हार्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाचं, अशी आठ सत्रं. गोळ्या चालूच राहतात, मानसोपचारतज्ज्ञही तेच. आमचं मत आधीच सांगतो: मूड बऱ्यापैकी स्थिर आहे पण झोप बिघडलेली आहे, अशा माणसाने ही थेरपी जरूर घ्यावी. पण बायपोलरसाठीचे बदल केलेलीच घ्यावी. मूळ, सरसकट रूपातली नको.

त्याचं कारण झोप कमी करण्यात आहे. निद्रानाशाच्या मूळ पद्धतीत सगळ्यात जास्त काम करणारं अस्त्र म्हणजे अंथरुणावरचा वेळ कापणं. जेवढी झोप लागते तेवढाच वेळ आडवं व्हायचं, म्हणजे झोपेची भूक साठते. एरवी हे उत्तम. बायपोलरमध्ये मात्र झोप तुटली की मॅनियाला, म्हणजे मूड आणि उत्साह बेफाम चढण्याला, तोंड फुटू शकतं. संशोधक थॉमस वेअर यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की मॅनियाकडे नेणारी कारणं वेगवेगळी असली, तरी त्यातली बरीचशी शेवटी कमी झोपेच्या वाटेने जातात. अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेल्या ‘सॉमरिस्ट’ या निद्रानाशाच्या अ‍ॅपच्या माहितीपत्रकातही बायपोलर असणाऱ्यांनी ते वापरू नये असं म्हटलेलं आहे. म्हणून फोनवर सहज मिळणारी निद्रानाशाची अ‍ॅप रोजच्या झोपेची डायरी भरण्यापुरती ठीक. त्यांनी काढून दिलेली झोपेची वेळ डोळे झाकून पाळू नये.

आकडे घेऊन बघू. समजा आठवडाभराच्या डायरीत सरासरी अशी निघाली: साडेदहाला अंथरुणावर, एकला झोप, मध्ये पाऊण तास जाग, सातला शेवटची जाग, पण उठणं आठला. अंथरुणावर साडेनऊ तास, प्रत्यक्ष झोप सव्वापाच. म्हणजे ५५ टक्के. मूळ पद्धतीने हा माणूस सव्वापाच-साडेपाच तासांच्या कप्प्यात कोंबला जाईल. सीबीटीआय-बीपीमध्ये साडेसहा तासांच्या खाली जायचंच नाही. त्याला मिळतात रात्री साडेबारा ते सकाळी सात. आठवड्याने साडेसहापैकी पावणेसहा तास झोप लागू लागली, म्हणजे ८५ टक्क्यांच्या वर गाडी गेली, की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे. उठायची वेळ सातच. रविवारीही सातच. पहिले दहा दिवस दुपारी पेंग येते. ते अपेक्षित असतं, पण गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

दुसरा भाग म्हणजे झोप येत नसेल तर अंथरुणातून उठणं. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं की उठायचं, घड्याळ न बघता, आणि डोळे जड झाले की परत यायचं. यात दोन ठिकाणी फसतं. एक, एका खोलीत चौघं झोपतात तिथे उठून जायचं कुठे? स्वयंपाकघरातली खुर्ची, मंद दिवा, एवढं पुरतं. गादी दिवसा गुंडाळून ठेवण्याची आपली जुनी सवय इथे फार उपयोगी पडते, कारण गादी पसरलेली असली की दिवसभर तिच्यावर लोळणं, जेवणं, फोन बघणं होतं आणि तिचा झोपेशी संबंध तुटतो. दुसरं फसणं जास्त गंभीर. उठल्यावर माणूस कपाट आवरायला घेतो, नव्या धंद्याचा हिशेब मांडतो, कुणाला तरी लांबलचक मेसेज लिहितो. इतरांचा यात तासभर वाया जातो. बायपोलरमध्ये मात्र रात्री दोनला मिळालेला हा उत्साह ठिणगीसारखा काम करतो. उठून काय करायचं हे दिवसाच ठरवून लिहून ठेवावं: जुनं, वाचलेलं पुस्तक, जपमाळ, भाजी निवडणं. ज्यातून नवीन काही उभं राहत नाही असंच काम.

या थेरपीचा सगळ्यात चांगला भाग सकाळचा आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो. गजर पुढे ढकलायचा नाही, पहिल्या तासात हालचाल, तोंडावर पाणी किंवा अंघोळ, उजेडात जाणं, उत्साहाची गाणी, कुणाशी तरी बोलणं. वाचायला साधं वाटतं. पण डिप्रेशनमध्ये दहा-बारा तास पडून राहणाऱ्याला ‘लवकर झोप’ सांगून काहीच हलत नाही. त्याचं घड्याळ सकाळच्या टोकाने ओढावं लागतं. ते एकदम दोन तासांनी ओढू नये, आठवड्याला अर्धा तास पुरे. पारोसं बसून राहणाऱ्याला घरातल्या कुणी हातात चहाचा कप देऊन गॅलरीत उभं केलं, तर निम्मं काम झालं. संध्याकाळच्या बाजूला झोपेआधी अर्धा ते एक तास दिवे मंद, आवाज खाली, भांडणं आणि पैशांचे विषय बंद. वामकुक्षी हवीच असेल तर दुपारी तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून.

चहाबद्दल एक गोष्ट थेरपिस्टकडून हमखास राहून जाते. चहातल्या कॅफीनमुळे लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध लघवीवाटे जास्त बाहेर पडतं. रोज पाच-सहा कप घेणारा माणूस झोपेसाठी चहा एका दिवसात सोडतो आणि रक्तातलं लिथियम वर चढतं. मग हात थरथरतात, मळमळतं. चहा हळूहळू कमी करावा, आणि लिथियम चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगून. गोळ्यांची इतरही कारणं थेरपीच्या आधी चाळायला हवीत. लिथियममुळे तहान आणि रात्री लघवीला उठणं, क्वेटियापिन ही बायपोलरवरची गोळी उशिरा घेतल्याने सकाळी न फुटणारी गुंगी, वजन वाढून सुरू झालेलं घोरणं. मोठ्याने घोरणाऱ्या, श्वास अडकून दचकून उठणाऱ्या माणसाची आधी स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी. त्याला आठ सत्रं देऊन उपयोग नाही.

पुरावा किती? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपोलर-१ (पूर्ण मॅनिया येऊन गेलेला प्रकार) असलेले आणि दोन एपिसोडच्या, म्हणजे आजार उफाळण्याच्या, मधल्या काळात असलेले ५८ जण होते. ३० जणांना ही थेरपी, २८ जणांना आजाराची माहिती देणारी सत्रं. पुढच्या ६ महिन्यांत मॅनिया किंवा हायपोमॅनिया (त्याचं सौम्य रूप) उलटण्याचं प्रमाण थेरपीच्या गटात ४.६ टक्के, दुसऱ्यात ३१.६. आजारी अवस्थेतले दिवस सरासरी ३.३ विरुद्ध २५.५. आशा वाटावी असे हे आकडे आहेत. पण माणसं थोडी, काळ सहा महिन्यांचा, आणि प्रत्येकाला सोबत मानसोपचारतज्ज्ञांचे उपचार चालू. ऐन मॅनियात असलेल्या माणसासाठी हा पुरावा नाही. त्या अवस्थेत नॉर्वेतल्या २०१६ च्या छोट्या चाचणीने वेगळी दिशा दाखवली: रुग्णालयातल्या रुग्णांनी संध्याकाळी सहा ते सकाळी आठ निळा प्रकाश अडवणारा केशरी चष्मा सात रात्री वापरला आणि मॅनिया लक्षणीय उतरला. तेही औषधांच्या जोडीने, औषधांऐवजी नाही.

आपल्याकडे ही थेरपी याच नावाने मिळेल असं धरून चालू नका. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. अंथरुणावरचा वेळ कमीत कमी किती ठेवणार? ‘पाच तास’ असं उत्तर आलं तर उठा. माझ्या मानसोपचारतज्ज्ञांशी तुम्ही बोलणार का? आणि झोप न येणं व झोपेची गरजच न वाटणं यातला फरक कसा ओळखणार? हा तिसरा प्रश्न कळीचा. चार तास झोपून दिवसभर चुरगळलेला माणूस निद्रानाशाचा. चार तास झोपून ताजातवाना, बडबड वाढलेला, खर्च वाढलेला माणूस थेरपीचा नाही, डॉक्टरांच्या फोनचा. मनगटावरचा बँड हा फरक सांगत नाही, तो दोघांनाही चारच तास दाखवतो. डायरीत झोपेच्या तासांशेजारी ‘सकाळी कसं वाटलं’ हा रकाना त्यासाठीच हवा.

शेवटच्या सत्रात एक लेखी पान मिळायला हवं. न मिळाल्यास मागून घ्या. त्यावर उठायची वेळ, थेरपीआधीच्या मॅनियात पहिल्यांदा काय बदललं होतं, आणि सणासुदीची तजवीज असावी. गणपतीतली जागरणं, हळदीची रात्र, रात्रीच्या एसटीचा प्रवास, कंपनीने लावलेली नाइट शिफ्ट. जागरण टळणारं नसेल तर दुसऱ्या दिवशीही उठायची वेळ तीच, दुपारी थोडी झोप, आणि पुढची रात्र राखून ठेवलेली. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप होऊनही थकवा नाही, असं दिसलं तर झोपेचे सगळे नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन. त्यांचा नंबर, घरातल्या ज्या माणसाने तो फोन करायचा त्याचं नाव, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच पानावर, फ्रिजवर लावलेला.